कुठल्या विषयाचं पोट दुखतंय?

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा सिडनीत बस चालवतात, आई एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, शिफ्ट करते, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. अशा घरातल्या मुलाने दुसऱ्या माणसाबद्दल पानंच्या पानं लिहावीत, हा मलाच थोडा आगाऊपणा वाटतो. पण ज्या बाईंबद्दल लिहायचंय त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील अशी चिन्हं नाहीत, म्हणून धीर करतो. माझं ठाम मत असं, की अख्ख्या ऑस्ट्रेलियात आजारपणावर त्यांच्याइतका अविश्वास असणारी दुसरी व्यक्ती सापडणार नाही. आणि आमच्या बोर्डिंग शाळेने नेमकं त्यांनाच आजारी मुलांच्या खोलीवर बसवलं होतं.

शाळा सिडनीपासून ट्रेनने तीन तासांवर होती. तिथे दर आठवड्याला टेस्ट असे आणि दर शुक्रवारी प्रत्येकाचा नंबर जेवणघराबाहेर लागे. त्यामुळे मुलं आजारी पडत, पण वेळापत्रक बघून पडत. सिकबेमध्ये, म्हणजे त्या आजारी मुलांच्या खोलीत, बाईंच्या खुर्चीमागे कुठल्याही दवाखान्यात असतो तसा शरीराचा तक्ता नव्हता. सगळ्या वर्गांचं टाइमटेबल चिकटवलेलं होतं. मुलगा दारात आला की त्या आधी त्याच्याकडे बघत, मग मागे वळून टाइमटेबलकडे बघत, आणि विचारत, "कुठल्या विषयाचं पोट दुखतंय?" मंगळवारी फिजिक्सची टेस्ट म्हणून मंगळवारी डोकी दुखत, गुरुवारी निबंध, म्हणून मनगटं. केमिस्ट्रीचं पोट बेंबीच्या डावीकडे दुखतं आणि इकॉनॉमिक्सचं सगळीकडे सारखंच, असा त्यांचा अनेक वर्षांच्या निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष होता, आणि तो चुकल्याचं मी पाहिलेलं नाही.

याचा अर्थ त्यांना खरा आजार कळत नसे असा मात्र नाही. एकदा एका मेंढपाळाचा सहा फुटी मुलगा रग्बीच्या मैदानावरून चालत आला, दारात उभा राहिला आणि हसून म्हणाला, "सॉरी टु बॉदर यू." बाईंनी टाइमटेबलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला खुर्चीत बसवून थेट अँब्युलन्सला फोन केला. खांद्याचं हाड मोडलेलं निघालं. मला नंतर म्हणाल्या, "ज्याचं खरं दुखतं ना, ते पोर दारात उभं राहून सॉरी म्हणतं. नाटकं करणारं आधी आडवं होतं."

त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण राग इंग्रजीत मावत नसे. तिथून पुढे वसईचं मराठी सुरू होई. त्यामुळे आमच्या शाळेतल्या शेतावरच्या गोऱ्या मुलांना मराठीतले दोनच शब्द येत, "गप झोप", आणि ते त्यांना औषधाचं नाव वाटे. एकाने तर सुट्टीत घरी जाऊन कुत्र्याला ते शिकवलं. परत आल्यावर अभिमानाने म्हणाला, "वर्क्स एव्हरी टाइम, मेट."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चिठ्ठीवरचं माझं नाव वाचलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं,

"कुठला तू?"

"टूनगॅबी."

"ते आता रे. त्याच्या आधी?"

"कल्याण."

"मी वसईची. आता नीट ऐक. इथे मी तुला ओळखत नाही. मला आंटी म्हणायचं नाही, पोरांना वाटेल वशिला आहे. लाड होणार नाहीत."

लाड झाले नाहीत. फक्त दर पंधरा दिवसांनी सिडनीतल्या पेंडल हिलच्या दुकानातल्या चिवड्याचं पाकीट माझ्या हातात येई. "हे कुणीतरी इथे विसरून गेलंय," त्या म्हणत. मी तिथे होतो त्या दोन वर्षांत आमच्या शाळेत चिवडा विसरणारी मुलं किती होती याचं मला अजून नवल वाटतं.

माझं त्यांच्याशी खरं जमलं ते पाय मुरगळल्यावर. शाळेत रोज दुपारी खेळ सक्तीचा होता. त्यातून सहा आठवडे सुटलो तेव्हा हाऊसमास्तरांनी, म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या प्रमुखांनी, मला सिकबेचं रजिस्टर नीट उतरवून काढायला बसवलं. दुपारी सगळे मैदानावर असत आणि तिथे चिटपाखरू नसे. तिसऱ्या दिवशी रजिस्टर उचललं तर खाली एक जाडं पुस्तक. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. बाईंनी ते झटकन ओढून घेतलं, आणि वर्गात चिठ्ठी सापडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला.

मग हळूहळू कळलं. मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात त्यांनी अठरा वर्षं काढली होती. इथे नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा, आणि ते जाडं पुस्तक त्याच परीक्षेचं. तोवर त्या नुसत्या असिस्टंट. सकाळी एक तरुण नर्स येई आणि दुपारी दोनला जाई. त्यानंतर एखाद्या मुलाला पॅरासिटामॉलची गोळी द्यायची झाली तरी बाईंना तिला फोन करून विचारावं लागे. त्या अगदी गोड आवाजात विचारत. फोन ठेवल्यावर काही क्षण नुसत्या गोळीकडे बघत बसत.

"दोनदा नापास झालेय, बाबा," त्या म्हणाल्या. "बोलणं पास, ऐकणं पास, वाचणं पास. लिहिण्यात घोडं अडतं. कुणाला बोललास तर बघ."

लिहिण्याच्या पेपरात एका रुग्णाची माहिती देत आणि त्याच्यासाठी दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहायला सांगत, ठरावीक शब्दमर्यादेत. मी त्यांची सरावाची पत्रं पाहिली आणि अडचण लगेच लक्षात आली. रुग्ण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी चाललाय; बाईंच्या पत्रात तो सकाळी काय जेवला, घरी कोण कोण आहे, सून नीट बघते का आणि जिना चढायचा तर चहा कोण वर नेऊन देणार, हे सगळं होतं. गुडघा यायच्या आधी शब्द संपत.

"हे सगळं त्यांनी दिलेल्या माहितीत नाहीये," मी भीत भीत म्हणालो.

"त्यांनी विचारलंच नसेल पेशंटला."

"पण ते मार्क कापतात."

"कापू देत. एकटा म्हातारा माणूस, जिन्यावर पडला म्हणजे? डॉक्टरला कोण सांगणार? तू?"

मी पेनाला टोपण लावलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच पत्र पुढे सरकवलं. "काप," म्हणाल्या. मी लाल पेनने सून काढली. त्यांनी उसासा टाकला. मी चहा काढला. त्या उठून खिडकीशी गेल्या. कुठल्याही ऑपरेशनला त्या इतक्या घाबरल्या नसतील. पाय बरा झाल्यावरही मी आठवड्यातून दोन दुपारी जात राहिलो, आणि महिन्याभराने गुडघा पहिल्या ओळीत आला.

याच काळात माझी सहामाही आली. गणिताच्या पेपरच्या सकाळी मी सिकबेमध्ये गेलो आणि आधी आडवा झालो. बाईंनी टाइमटेबलकडे पाहिलं.

"कुठल्या विषयाचं?"

"मॅथ्सचं," मी म्हणालो, आणि मला एकदम रडू आलं. मी सांगितलं की मला घरी जायचंय, की शाळेचे मेल आईबाबांना कळत नाहीत म्हणून मीच ते वाचतो आणि मीच उत्तरं देतो, की माझा नंबर खाली चाललाय हे घरी माहीतच नाही. एक चिठ्ठी द्या, एवढंच मागितलं.

त्यांनी लिंबू-मिठाचं पाणी केलं आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. मग चिठ्ठी लिहिली. त्यावर इंग्रजीत एकच शब्द होता, फिट.

"बघ, कापायला शिकले की नाही?" त्या म्हणाल्या. "जा आता. नापास झालास तर इथेच ये. मी आहेच तिसऱ्यांदा बसायला."

मी नापास झालो नाही. खालून तिसरा आलो. त्या रविवारी घरी फोन करून आईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मेल आम्हालाच वाचू दे. नाही कळलं तर विचारू तुला." पुढच्या पॅरेंट्स डेला ती एक शिफ्ट सोडून आली आणि सगळ्या शिक्षकांच्या आधी बाईंना जाऊन भेटली.

बाईंची तिसरी परीक्षा माझी शाळा संपता संपता झाली. शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. "सून आली का हो पत्रात?" मी विचारलं. "मनात आली," त्या म्हणाल्या. "कागदावर नाही आणली. निकाल लागला की पहिलं तुला कळवते."

काही कळलं नाही. मी अ‍ॅडलेडला आलो, इथल्या युनिव्हर्सिटीच्या मॉसन लेक्स कॅम्पसवर रमलो. कित्येकदा शाळेत फोन करावासा वाटला, पण मनात एकच घोळे: त्यांची पत्रं मी कापली. नको ते कापलं गेलं असेल, त्यातच त्या पुन्हा नापास झाल्या असतील, आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसल्या असतील. हे ऐकण्यापेक्षा न विचारणं सोपं होतं. यावर्षी शाळेतल्या एका मुलाकडून कळलं की सिकबेमध्ये आता दुसरंच कुणी बसतं. तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

मागच्या आठवड्यात दुपारी, लॅबमधून बाहेर पडत होतो, आईचा फोन आला.

"अरे, तुझ्या त्या सिकबेच्या बाई भेटल्या. पेंडल हिलला, दुकानात. मीच ओळखलं नाही आधी, त्यांनी हाक मारली. पास झाल्या ना त्या! तू काही बोलला नाहीस ते?"

मी विचारलं, "कधी?"

"वर्ष होऊन गेलं. कुठल्यातरी लांबच्या गावात हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. पक्क्या, रजिस्टर्ड. सुट्टीवर आल्या होत्या. म्हणाल्या, तुला मेल केला होता."

"कुठल्या मेलवर?"

"शाळेच्या असेल. त्यांच्याकडे तोच होता म्हणे."

शाळा संपली की शाळेचा मेल बंद होतो. हे आम्हा मुलांना माहीत असतं. बाईंना कोण सांगणार?

"उत्तर आलं नाही, पण रागावल्या नाहीयेत हं," आई म्हणाली. "म्हणाल्या, अभ्यासात असेल पोरगा. निकाल बघितल्या बघितल्या पहिला मेल तुलाच लिहिला होता. नवऱ्याला फोन नंतर केला."