पुसलेलं गोंदण

सेनगावात माझ्या फोटो स्टुडिओला लागूनच दुसऱ्या एका फोटोवाल्याचं दुकान आहे. कुणी हललेला, अस्पष्ट फोटो आणला, की तो आधी काँप्युटरला हात लावत नाही. फोटोतलं माणूस कसं होतं ते विचारतो, आणि ऐकता ऐकता स्वतःच्याच चेहऱ्यावरून बोट फिरवतो. गिऱ्हाईक तिकडं का जातं ते मला कळायचं, म्हणूनच मी जळायचो.

एकदा एका बाईच्या वारलेल्या आईचा फोटो स्पष्ट करताना मी हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं. "ही माझी माय न्हाई," म्हणत ती दोन्ही फोटो घेऊन त्याच्याकडं गेली. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

त्यानं जुना फोटो डोळ्यांजवळ नेला. "किती ठिपके होते, मावशी?"

"तीन. तुमच्या शेजाऱ्याला दिसले न्हाईत काहून?"

"फोटोच हललेला हाय. मलाबी दिसून न्हाई राहिले."

ठिपके चांगले दिसत होते. माझी अब्रू राखायला तो खोटं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक त्याच्या पायरीपाशी थांबलं. मी गिऱ्हाइकाला हाक मारून म्हणालो, "तिकडं कशाला जाता? त्याला आता दिसत न्हाई. सोताच कबूल करून राहिला."