पुठ्ठ्याची खालची पट्टी

गिऱ्हाईकाच्या पणजोबांचा जुना फोटो चौकटीत बसेना, म्हणून फ्रेमवाल्याने तो ज्यावर चिकटवलेला होता त्या पुठ्ठ्याची खालची पट्टी कापली आणि केरात टाकली. मी ती उचलली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ज्याचं नाव होतं, विलायतेच्या राणीच्या राज्यातल्या त्या फोटोग्राफरचा मी कित्येक वर्षं माग काढतोय. त्याचं घर सापडत नाही, वंशज सापडत नाहीत. सापडतात ते त्याने काढलेले फोटो, आणि तेही बहुतेक असेच, पायाशी छाटलेले.

"अहो, नाव कशाला कापलंत त्याचं?" मी ओरडलोच.

"फोटो यांच्या पणजोबांचा आहे ना," फ्रेमवाला म्हणाला. "काढणाऱ्याला कोण विचारतंय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावून, श्वास धरायला सांगून ज्याने ती नजर टिपली, त्यालाच आपण केरात टाकतो! पणजोबा भिंतीवरून आपल्याकडे बघतात असं घरादाराला वाटतं. अरे, ते त्याच्याकडे बघत होते!

फ्रेमवाल्याने तोवर फ्रेम उलटी केली आणि मागे आपल्या दुकानाचं स्टिकर अंगठ्याने दाबून दाबून चिकटवलं.