आबांना उडवणारा दूधवाला

माझे वडील, म्हणजे आबा, पडले ते आमच्या स्वयंपाकघरात. गल्लीला मात्र कळलं ते वेगळंच.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, घरातली फरशी आबा पुसतात. ही गोष्ट आम्ही तिघं सोडून कुणालाच माहीत नव्हती. पुसण्याआधी आबा पुढचं दार आतून लावायचे, पडदे ओढायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. हा माणूस पंचवीस वर्षं गल्लीतल्या तालमीचा अध्यक्ष होता. भांडण लागलं की लोक अजून त्यांनाच बोलवायला येतात. असा माणूस लुंगी खोचून, फडकं घेऊन फरशीवर बसलाय हे कुणी बघितलं, तर पुन्हा कट्ट्यावर तोंड दाखवता येणार नाही, अशी त्यांची ठाम समजूत. त्या सकाळी त्यांनी पाण्यात फिनेल सढळ हातानं ओतलं, दारापासून पुसायला घेतलं आणि पुसत पुसत आतल्या भिंतीपर्यंत गेले. बाहेर यायचं तर आता ओल्यावरूनच यावं लागणार होतं. डाव्या पायाचा घोटा मोडला.

मी गडहिंग्लजला शाळेत शिकवते. आईचा फोन आल्यावर रजा टाकली, एसटी पकडली आणि थेट शाहूपुरीत हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. आबा प्लॅस्टर घालून बसले होते. मला बघताच त्यांनी विचारलं, "कुणाला काय बोललीस न्हाईस न्हवं?"

"काय बोलायचं?"

"मोटारसायकलनं उडवलं म्हणायचं. गल्लीच्या तोंडाला. लाल गाडी, मागं दुधाची कॅनं. थांबला न्हाई."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण दुसऱ्याच्या लाजेपायी बोलायचं म्हटलं की डोकं फिरतं. मी आईकडे बघितलं. ती एक्स-रेची पिशवी मांडीवर धरून बसली होती.

घरी आल्यापासून बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. हाड लवकर जुळावं म्हणून जो तो डबा भरून पाया सूप आणत होता. फ्रीजमध्ये दही ठेवायला जागा उरली नाही. डब्यागणिक आबांची गोष्टही वाढत गेली. पहिल्या दिवशी दूधवाला नुसता न थांबता गेला होता. दुसऱ्या दिवशी तो प्यायलेला निघाला. तिसऱ्या दिवशी तर त्यानं मागं वळून आबांकडे बघून हसायलाही सुरुवात केली. मी आत चहा ठेवत दातओठ खात होते.

आबा एक गोष्ट विसरले होते. आमच्या गल्लीत कुणी कुणाला उडवलं आणि ते तिथंच मिटलं, असं होत नाही. तालमीतली मंडळी मिठाईच्या दुकानातला कॅमेरा बघून आली. कॅमेऱ्यात आबा कुठेच दिसले नाहीत. दिसणार कसे? पण लाल गाडीवरचा एक दूधवाला दिसला आणि तेवढ्यावर निकाल लागला. आबा कॅमेऱ्याच्या पलीकडं पडले असणार, असं सर्वानुमते ठरलं.

चौथ्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसं दारात. मध्ये पन्नाशीचा एक माणूस, त्याची कॉलर एकाच्या मुठीत.

"आबा, घावला बघा! ह्योच न्हवं?"

"आवो पावणं," तो दूधवाला आबांना म्हणाला, "मी वडगावचा. मी कुणाला बी धडकलो न्हाई. तकडं माझं दूध नासायलंय की!"

"नासू दे. आबा, तुम्ही निस्तं व्हय म्हणा."

आबांनी दूधवाल्याकडे बघितलं, मग छताकडे, मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं. तुमचं तुम्ही निस्तरा.

"ह्यो न्हवं," आबा म्हणाले.

"मग दुसरा हुडकतो. रोज कितीतरी येत्यात. एकेकाला हितं आणून हुबा करतो, तुम्ही वळखा."

आबांना घाम फुटला.

"सोडा त्याला. मला कुणी उडवलं न्हाई. मी फरशी पुसत हुतो."

मला आबांची दया आली. राग होता, पण दयाही आली.

"सुरवात कुठनं केलती?" दूधवाल्यानं विचारलं.

"दारापास्नं."

"हितंच चुकलं की! आतल्या भिंतीपास्नं मागं सरकत दाराकडं यायचं. मी रोज गोठा धुतो न्हवं."

"फिनेल जास्त झालं असणार," कॉलर धरणारा म्हणाला. "टोपणभर बास हुतंय."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं कॉलर सोडली. पण आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. पाच मिनिटांत निम्मी तालीम तावातावानं वाद घालत होती, फडकं बरं की काठीचा मॉप. एकजण तर पलंगाखालचं कसं पुसायचं ते वाकून दाखवत होता. आबा मोठ्यानं हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी बी ह्याच फरशीवर पडलेली," ती म्हणाली. "हात मोडलेला. तवा माझ्यासाठी कुणी दूधवाला धरून आणला न्हाई की."

मंडळी खो खो हसली. आबा हसले नाहीत.

"त्यो हात? फरशी पुसताना? मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुम्ही विचारलंसा कवा?" आई म्हणाली आणि दूधवाल्याला चहा घ्यायला बसवलं.

मी तेव्हा नववीत होते. आईचा हात गळ्यात होता, म्हणून दीड महिना माझ्या वेण्या मलाच घालाव्या लागल्या होत्या, आणि त्याचा मी तिच्यावरच राग काढला होता. मीही विचारलं नव्हतं.