वर्नेलचा शिक्का

मार्दी ग्राच्या सणाला लुइझियानातल्या प्रेरी ओडिल गावातला माणूस एक तर तोंडावर मुखवटा चढवतो, नाहीतर चुलीवर गंबो या रश्श्याचं पातेलं. मुखवटेवाले स्वार घोड्यांवरून घरोघर जाऊन त्या गंबोसाठी कोंबड्या गोळा करतात. वर्नेल सोनिएनं यातलं काहीच केलं नव्हतं. सकाळी सातपासून ती गाडी घेऊन भातखाचरांमधले रस्ते पालथे घालत होती. दिसेल त्याला विचारायची, "स्वार कुठवर गेले?" आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत गाडी पुढे काढायची.

वर्नेल तेवीस वर्षं गावच्या कचेरीत कारकून. पाण्याची बिलं, कुत्र्यांचे परवाने, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं तिच्याच टेबलावरून जायचं. नोटरीची परीक्षा मात्र तिला जमली नाही. लुइझियानात घराजमिनीचे कागद नोटरीच करतो, आणि ती परीक्षा भल्याभल्यांना घाम फोडते. वर्नेल चारदा बसली आणि चारदा आपटली. मग राज्यानं कायदा केला, की लहान गावांच्या मेयरांनी आपल्या कचेरीतल्या माणसाला नोटरी नेमावं, पण फक्त कचेरीच्या कामापुरतं. पोलिसाचा जबाब, मीटरची तक्रार, इतकंच. मेयर अल्सिद व्हिद्रीननं तिला नेमलं आणि शिक्का हातात दिला. गावानं ते 'इतकंच' कधी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर वर्नेलनंही ते फार मोठ्यानं म्हटलं नाही.

शुक्रवारी नोंक युलिसनी बोलावलं. नोंक म्हणजे काका. सगळ्या गावाचेच ते काका. फुप्फुसं संपत आलेली, अंथरुणाला खिळलेले. त्यांची सावत्र मुलगी क्लोटिल नऊ वर्षं त्यांचं सगळं करत होती. सख्खा मुलगा ह्यूस्टनला, नाताळच्या कार्डापुरता. घर कागदावर क्लोटिलच्या नावे झालं नाही, तर ते त्या मुलाला जाणार होतं.

"कागद तयार आहे," म्हातारा म्हणाला. "तू तेवढा शिक्का मार. नापास नापास म्हणून हसायचे ना तुला? बघ म्हणावं आता!"

हे माझ्या शिक्क्याचं काम नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या कौतुकानं तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. तिनं शिक्का मारला.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. त्या कागदाला काडीची किंमत नाही, हे तिला शिक्का उचलतानाच ठाऊक होतं. सोमवारी तिनं खरे नोटरी ओटिस लाफ्लोर यांना पाच फोन केले. ऑफिस सणासाठी बंद; ते दरवर्षी मुखवटा चढवून स्वारांत सामील होतात. आणि आज पहाटे क्लोटिलचा फोन आला. "मिस वर्नेल, नर्स म्हणते, फार तर आजचा दिवस काढतील."

स्वार सापडले ते झिंग्यांच्या तळ्यापाशी. चिंध्यांचे रंगीत झगे, उंच टोप्या, जाळीचे मुखवटे, चाळीसेक जण चिखलात एका कोंबडीमागे धावत होते. घोड्यावर पांढरं निशाण घेऊन एकटाच उघड्या तोंडाचा माणूस बसला होता. तो मेयर व्हिद्रीन, आज या स्वारांचा कप्तान.

"मेयरसाहेब, यात ओटिस लाफ्लोर कोण?"

"आज मी मेयर नाही, कप्तान आहे. आणि मुखवट्यामागचं नाव कप्तान सांगत नसतो, मिस वर्नेल. माझ्या बापानं सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. उद्या ये ऑफिसात."

"नोंक युलिसना उद्या नाहीये!"

मेयर तरीही नाव सांगेना.  वर्नेल त्या मुखवट्यांकडेच वळली.

"मिस्टर लाफ्लोर, कुठे असाल तिथून ऐका! नोंक युलिसच्या घराच्या कागदावर मी शिक्का मारलाय. मला तो अधिकार नव्हता. ठाऊक असून मारला, मिरवायला मारला. तुम्ही आला नाहीत, तर क्लोटिल रस्त्यावर येईल, आणि ते माझ्यामुळे!"

कोंबडी सुटून बांधावर गेली. तिच्यामागे कुणी धावलं नाही. मग एका जाडजूड स्वारानं मुखवटा काढला.

"पेन आहे का?" लाफ्लोर म्हणाले.

घरी अंथरुणावरून नोंक युलिसनी चिंध्यांच्या झग्यातले लाफ्लोर बघून डोळे बारीक केले. "मला न्यायला आला असशील, तर जरा बरे कपडे घालून यायचंस." मग दम घेऊन म्हणाले, "पण माझा कागद तर झालाय की!"

"तो खोटा होता, नोंक," वर्नेल म्हणाली. "माझाच खोटेपणा."

 लाफ्लोरनी नवा कागद लिहिला, मोठ्यानं वाचला. म्हाताऱ्यानं सही केली, क्लोटिलनं केली. साक्षीदार दोन लागत होते. एक मागोमाग आलेला कप्तान, दुसरी वर्नेल. शेवटी लाफ्लोरनी खाली आपली सही केली.

"आणि शिक्का?" क्लोटिलनं विचारलं.

"मला कधी लागलाच नाही. सही पुरते."

वर्नेलनं पिशवीतून आपला शिक्का काढला आणि मेयरच्या हातावर ठेवला. त्यानं तो खिशात टाकला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"ती परीक्षा परत कधी असते?" उशीवरून आवाज आला.

"उन्हाळ्यात, नोंक."

"मी नसेन विचारायला." म्हाताऱ्यानं मान वळवली. "क्लोटिल, तू विचार हिला."