गुळाच्या पारड्यातला माधव

शेवटच्या भेटीत माधवनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. मुरुम गावातल्या घरी माजघरात पडून होता. साखरेचा आजार, पायाची जखम चिघळलेली, आणि वय अजून पंचविशीच्या आत... मी त्याची थोरली चुलत बहीण. माझा हात धरून म्हणाला, "आक्का, माझ्या लेकराला, बंडूला तागडीत बसू देऊ नगा." पंधरवड्यानं तो गेला.

तागडी म्हणजे काकांच्या अडत दुकानातली, पोती तोलायची. काकूंची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा पुढचं जगलं तर दर वाढदिवसाला त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन, असा नवस त्या तुळजापूरच्या देवीला बोलल्या. माधव जगला. मग दरवर्षी गूळ वाढलाच पाहिजे, असं घराला वाटू लागलं. वाढदिवस जवळ आला की शिरा, साय, तूप, नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यावरही. "औंदा ढेप जास्त लागली!" म्हणत काका मिशीवरून हात फिरवायचे. शाळेत पोरं त्याला 'ढेप' म्हणायची. पळताना पडला की हसायला सगळे, उठवायला कुणी नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी गावच्या दवाखान्यात पुण्याकडचा एक तरुण डॉक्टर आला. त्यानं शाळेत पालकांची सभा घेतली. बोलला ते खरंच होतं, पण माणूस कसायासारखा. माधवला सदरा काढून टेबलावर उभं केलं आणि छडी त्याच्या पोटावर टेकवून म्हणाला, "हे बाळसं नाही, हा आजार आहे. लाडानं मारताय तुम्ही याला." सभा खदाखदा हसली. माधव गर्दीत आईला शोधत होता... काकूंनी त्याला ओढतच घरी आणलं, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. "बगा, कसली कडक नजर हाय मेल्या डागदराची!" नजर उतरावी म्हणून त्या संध्याकाळी त्याला तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्या चारल्या. पुढं गुरुजी बोलले, मी बोलले, दर वेळी तेच. आमच्याकडं पोराला लठ्ठ म्हणणं हीच नजर. मग समजावून सांगायचं तरी कसं?

आजारात माधव निम्मा झाला. तरीही शेवटच्या वाढदिवसाला काकूंनी त्याला गड्यांकरवी उचलून पारड्यात बसवलंच. मांडलेल्या ढेपा एकेक उतरवाव्या लागल्या. तेव्हा काकू रडल्या, "लोकं काय म्हणतील?" म्हणून. मला त्यांची कीव आली नाही, आजही येत नाही.

परवा बंडूचा वाढदिवस झाला. बापाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, पण नवस आता नातवावर आला होता, तो चुकवायचा नाही म्हणून तीच तागडी तुळईला टांगली. पोर गुबगुबीत, दोन्ही मुठींत गूळ. मी पुढं होऊन म्हणाले, "काकू, माधवनं जाताना मला सांगितलंय, उतरवा त्याला. आताच किती जड झालंय लेकरू!"

माधवची बायको, सुमन, उठली. मला वाटलं, ही तरी पोराला उचलून घेईल. ती स्वयंपाकघरात गेली, मुठीत मीठ-मिरच्या घेऊन आली आणि माझ्याकडं बघत बघत बंडूवरून ओवाळल्या. चुलीत टाकल्या. थोडा वेळ थांबली.

"ठसका न्हाय आला," ती सासूला म्हणाली.

काकूंनी बंडूच्या तोंडात गुळाचा आणखी एक खडा घातला.