भोपळेसाहेबांची जीप

जंगलाच्या फाटकावर त्यांना सगळे भोपळेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या उघड्या जीपमध्ये बसून वाघ बघायला गेलेल्या माणसाच्या पदरात हमखास भोपळा पडतो, म्हणून कुणा टवाळानं चेष्टेत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. साहेब म्हणाल, तर त्यांच्या घराण्यात कुणीच नव्हतं.

गाडी मात्र झकास चालवायचे. रस्त्यात खड्डा आला, तर मागे बसलेल्या एखाद्या आजीच्या कमरेलाही ते कळायचं नाही. हरणं दाखवायचे, रानडुकरं दाखवायचे, ढोलीत डोळे मिटून बसलेलं घुबडही दाखवायचे. पण घुबड बघायला कोण एवढ्या लांब येतं? आणि वाघाचं म्हणाल तर, तळ्याकाठी वाट बघून बघून यांची जीप निघाली, की मागून येणाऱ्या जीपला वाघ तिथेच पाणी पिताना दिसायचा, अगदी फोटो काढून घ्यायला आल्यासारखा. ती मागची जीप बहुतेक वेळा एकाच माणसाची असायची. त्याला सगळे वाघाचा जावई म्हणत, आणि तोही मानपान घेतल्यासारखा मिरवायचा.

असल्या गोष्टी माणूस आधी हसण्यावारी नेतो. भोपळेसाहेबांनीही नेल्या. मग एकदा नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं आणि त्यांच्यासमोरच फाटकावरच्या कारकुनाला म्हणालं, आम्हाला कृपा करून दुसरी गाडी द्या. इतकं गोड बोलून सांगितलं की रागावायचीही सोय राहिली नाही. त्या दिवसापासून आपला पायगुणच वाईट, हे त्यांच्या मनानं घेतलं. बायको म्हणायची, वाघाला काय तुमच्या गाडीचा नंबर पाठ आहे? ते हसायचे. पण हसू वरवरचं होतं, आणि ते तिला कळत होतं.

त्यांना एकुलती एक मुलगी. ती जंगलातली गाईड झाली. शिकत असताना तिनं पक्ष्यांचे आवाज काढून काढून आईला असं भंडावून सोडलं होतं, की आईनं एकदा लाटणं उगारलं होतं. परीक्षेत पास झाली, खाकी शर्ट मिळाला, आणि बापाची छाती अभिमानानं फुगली. पण त्याच वेळी त्यांच्या मनात एक पाल चुकचुकली.

त्या फाटकावर एक रीतच पडून गेली होती. नव्या गाईडची पहिली फेरी संपली, की सगळे ड्रायव्हर आणि गाईड जमून विचारायचे, दिसला का? दिसला, तर त्या गाईडच्या हाताला यश आहे असं धरायचे. नाही दिसला, तर त्याची थट्टा पुढे किती दिवस चालेल याचा नेम नसायचा. कोणता गाईड कुणाच्या जीपमध्ये बसणार, ते कारकून पाळीप्रमाणे ठरवायचा. तिच्या पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी जेवताना मुलीनं सांगितलं, "बाबा, उद्या मी तुमच्याच गाडीवर आहे." ती आनंदानं सांगत होती. पोरगी आपलं मन राखायला हसतेय, अशी भोपळेसाहेबांनी मात्र समजूत करून घेतली.

सकाळी फाटकावर पोचल्यावर, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी बॉनेट उचललं आणि बॅटरीची तार सैल केली. पर्यटक चढून बसले होते. मुलगी नवी टोपी घालून पुढच्या सीटवर बसली होती. त्यांनी चावी फिरवली. गाडी गप्प. पुन्हा फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या, खाली उतरले, आत डोकावले. मग कधी नव्हे ते मुलीच्या नजरेला नजर न देता म्हणाले, की काही खरं नाही, तुम्ही दुसऱ्या गाडीतून जा. शेजारी रिकामी उभी होती ती वाघाच्या जावयाचीच जीप. मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि उतरली.

जीप फाटकातून आत गेली आणि भोपळेसाहेबांना हायसं वाटलं. आपली सावली तिच्यावर पडली नाही, याचंच समाधान. तार घट्ट करायला कितीसा वेळ लागणार? गाडी सुरू झालेली बघून कारकून म्हणाला, चालू झालीच आहे, तर आतल्या चौकीवर पिण्याच्या पाण्याचे कॅन टाकून या. ते निघाले.

कोरड्या ओढ्याच्या वळणावर वाघीण रस्त्यात बसली होती.

त्यांनी इंजिन बंद केलं. वाघिणीनं पंजा चाटला, एक भलीमोठी जांभई दिली आणि त्यांच्याकडे बघितलं. घाई अशी कसलीच नाही. उठली, अंग ताणलं, पुन्हा बसली. भोपळेसाहेबांनी मागे वळून बघितलं. सगळ्या सीट रिकाम्या, फक्त पाण्याचे कॅन. दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. त्यांना रडू यायचंच काय ते बाकी होतं.

वाघीण रस्ता सोडून गेल्यावर चौकीवर कॅन टाकून ते परत आले, तर मुलीची जीप आधीच येऊन थांबली होती. जावयाला त्या दिवशी वाघाचं शेपूटही दिसलं नव्हतं. घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, पोरीनं घराण्याचं नाव राखलं. सगळे हसले. मुलगीही हसली, टोपी काढून हातात धरून. भोपळेसाहेब चौकीवरून आणलेले रिकामे कॅन ठेवायच्या निमित्तानं कारकुनाच्या खोलीत शिरले.

कारकून सहज बोलून गेला, "तुमच्या मुलीनं माझं डोकं खाल्लं हो. तिची पाळी आधी जावयाच्याच गाडीवर लागली होती. नाही म्हणाली. पहिली फेरी बाबांच्याच गाडीतून करायची, म्हणून बदलून घेतली. आणि बघा, नेमकी आजच तुमची गाडी रुसली."

भोपळेसाहेब रिकामे कॅन तसेच हातात घेऊन बाहेर आले.

घरी जाताना मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. वाटेत तीच म्हणाली, "आम्ही गेल्या गेल्या गाडी कशी सुरू झाली? बॅटरीची तार तुम्हीच सैल केली होतीत ना?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. तारेचं सांगितलं, मनातल्या भीतीचं सांगितलं आणि शेवटी वाघिणीचंही सांगितलं. एरवी वाघ म्हटलं की हजार प्रश्न विचारणारी मुलगी, तिनं कुठे, कशी, काही विचारलं नाही.

"मी वाघासाठी तुमची गाडी मागितली नव्हती, बाबा. लोक तुम्हाला काय म्हणतात ते मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. आज तुमच्या गाडीतून वाघ दिसला नसता, तर ते आपल्या दोघांना हसले असते, आणि आपणही हसलो असतो. तुम्ही मला एकटीला हसायला सोडलंत."

भोपळेसाहेबांनी जीप रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. समोरचा रस्ता त्यांना नीट दिसत नव्हता.