गुळव्याचे कान

आबा कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायचे. नारळ, कलिंगड, माठ हे आपण सगळेच वाजवून घेतो. आबा गॅसचा सिलिंडर वाजवायचे, नवा दरवाजा वाजवायचे, आणि एकदा तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नव्याकोऱ्या गाडीचं बॉनेट त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं होतं. मान तिरकी, डोळे मिटलेले. "पत्रा हलका हाय," असा निकाल त्यांनी भर पार्किंगमध्ये देऊन टाकला. सेक्रेटरी पुढचे आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आबांच्या ते लक्षातही आलं नाही.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत ते मुलाकडे राहायला आले तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली होती. सगळा जन्म पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात गेला, गुळव्या म्हणून. गुऱ्हाळावर गेलेल्यांना हा माणूस माहीत असेल. उसाचा रस मोठ्या काहिलीत तासन्‌तास उकळत असतो, आणि ती काहिल नेमकी कधी उतरवायची हे एकच माणूस ठरवतो, तो गुळव्या. जरा लवकर उतरवली तर गूळ घट्ट होत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. बाकीचे गुळवे पाक पाण्यात टाकून त्याची गोळी करून बघतात. आबाही बघायचे, पण ते लोकांच्या समाधानासाठी. त्यांचं खरं काम कानांवर चालायचं.

"रस आधी वरडतोय," ते मला सांगायचे. "मग बडबडतोय. मग बगा, एकदम शाण्यागत बोलाय लागतोय. तवा उतरायचं."

"शहाण्यासारखं म्हणजे कसं, आबा?"

"ते तोंडानं सांगायचं असतंय व्हय बाई? ऐकायला लागतंय की."

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे 'बाई'. ध्वनीचा धडा हा माझा हातखंडा. त्या सुमाराला मला आवाज गोळा करायचा नाद लागला होता. भाजी मंडईतला लिलाव, तालमीतले शड्डू, म्हशीची धार काढताना चरवीत होणारा आवाज असलं काहीबाही मी मोबाइलवर रेकॉर्ड करत असे. मोबाइलवर ते सगळं सपाट यायचं. म्हणून एक चांगला स्टिरिओ माईक घ्यावा असं मनात आलं. पिशवीत मावणारा, उजवीकडचं उजवीकडे आणि डावीकडचं डावीकडे ठेवणारा.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी चपला घ्यायला गेले तरी तीन दुकानं पालथी घालते आणि चौथ्या दुकानात पहिल्या दुकानातली चप्पल आठवून हळहळते. माईकसाठी मी एक वही केली. कुठल्या माईकची स्वतःची खरखर किती, दोन कानांमधला कोन किती, बॅटरी किती टिकते, वाऱ्यासाठी टोपी मिळते की नाही, असे रकाने आखले. दोन महिन्यांत वही भरली. माईक काही आला नाही.

आबा रोज संध्याकाळी गेटजवळच्या कट्ट्यावर बसायचे. मी कॉलेजातून आले की विचारायचे, "घेतला का?"

"बघतेय अजून."

"बगा, बगा. लगीन पण असंच बगत बसला असता तर कुवारी ऱ्हायला असता."

एकदा मात्र त्यांनी चेष्टा केली नाही. मला कट्ट्यावर बसवून घेतलं. त्यांच्या पुतण्याचं गावाकडं गुऱ्हाळ होतं. पुतण्या कष्टाळू, आबांना मानणारा. पण काहिलीत सोडायचा थर्मामीटर त्यानं आणला होता.

"त्याचं काय चुकलं न्हाय," आबा म्हणाले. "गुळवे मिळत न्हाईत आता. पर प्रत्येक रानाचा रस येगळा असतोय. काट्याला ते कळत न्हाय. तुमी असं करा, यंदा माझ्यासंगं चला. मी शेवटची एक काहिल उतरतो. तुमी समदं भरून घ्या, आन् मी हात वर करतो तिथं खूण करून ठेवा. पोरगं कानाला लावून ऐकंल. धा येळा ऐकंल, शंभर येळा ऐकंल. शिकंल की."

मला तेव्हा कळलं की हा माणूस रोज माईकची चौकशी का करतो. पन्नास वर्षांची विद्या कानात होती आणि ती दुसऱ्याच्या कानात घालायला त्यांना दुसरी वाट सापडली नव्हती.

पुढच्याच रविवारी ते स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानदारानं काचेवर दोन माईक मांडले. एक महागाचा, दोन कान फुलीसारखे तिरके असलेला, हातात धरायचा. दुसरा मोबाइलला खोचायचा, अंगठ्याएवढा. महागाच्या माईकची केसाळ टोपी हातात घेऊन आबांनी कुरवाळली. "हे मुंगसाचं पिल्लू कशाला?"

"वारा अडवायला, पावणं," दुकानदार म्हणाला. मग त्यानं माईकसमोर "हॅलो, चेक, चेक" म्हणून दाखवलं.

"तुज्या हॅलोला काय चाटायचंय?" आबा म्हणाले. "शेजारी च्या उकळतोय. तिथं चल."

आणि विश्वास ठेवा, राजारामपुरीतल्या एका चकचकीत दुकानाचा मालक दोन्ही माईक आणि हेडफोन घेऊन आमच्याबरोबर शेजारच्या चहाच्या गाड्यावर आला. आबांनी हेडफोन लावला. स्टोव्हवरच्या पातेल्याजवळ माईक धरायला लावला. गिऱ्हाइकं चहा विसरून बघत उभी राहिली. महागाचा ऐकून झाला, "ह्यात रस्ता लई येतोय." मग अंगठ्याएवढा. आबांनी डोळे मिटले. चहावाल्याचा हात साखरेच्या डब्याकडे गेला तसं त्याला खुणेनंच थांबवलं. पातेलं वर येईपर्यंत ते तसेच उभे होते.

"ह्यात उकळी येती," ते म्हणाले. "ह्योच घ्या."

मी वही उघडली. त्या छोट्या माईकची खरखर जास्त होती. वाऱ्याची टोपी वेगळी मागवावी लागणार होती. शिवाय मी वाचलं होतं की महागाच्या माईकचा सुधारलेला प्रकार लवकरच बाजारात येणार आहे, खरखर निम्म्यावर आणलेला.

"आबा, तेवढा येऊ दे. एकदाच करायचं तर नीट करू."

"माघापातूर गुऱ्हाळ चालू हाय," ते म्हणाले. "तवर यील का?"

"येईल की."

तो माघात आला नाही. फाल्गुनातही नाही. गुऱ्हाळ बंद झालं तेव्हा मी आबांना म्हटलं, पुढच्या हंगामात पक्कं. ते म्हणाले, "ऊस काय पळून जात न्हाय." मला केवढं हायसं वाटलं! माणसाला हवं ते कुणी बोललं की माणूस पुढचं ऐकत नाही.

पावसाळ्यात कट्ट्यावरून हाक येईनाशी झाली. मी समोरून जायचे, "काय आबा?" म्हणायचे, आणि ते रस्त्याकडे बघत बसलेले असायचे. मला वाटलं, माईकवरून रुसले. मीही मग ताठ्यात दोनतीनदा न बोलता गेले. ध्वनीचा धडा शिकवणाऱ्या बाईला समोरच्या माणसाला ऐकू येत नाही हे ओळखता आलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

मुलानं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि खिशात टाकलं. मी मोठ्यानं विचारलं, "का हो?"

"समदं एकाच जागंवरनं येतंय," ते म्हणाले. "गाडी, कुत्रं, सून, सगळी एकाच डब्यात बसल्यागत."

दिवाळीनंतर माझा माईक आला. खरोखर उत्तम माईक. रात्रीच्या शांततेतसुद्धा त्याची स्वतःची खरखर ऐकू येत नव्हती. मी तो आबांना दाखवायला गेले. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला. वाजवून बघितला नाही. "जाऊ या की," एवढंच म्हणाले.

आम्ही गेलो. दुपारची वेळ होती. गुऱ्हाळावर चिपाडांचा धूर आणि रसाचा गोड वास भरून राहिला होता. पुतण्यानं आबांसाठी काहिलीजवळ खुर्ची मांडली होती. आबांनी ती मागं सारली आणि त्यांच्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. मी स्टँडवर माईक लावला. पुतण्यानं थर्मामीटर काहिलीत सोडलेला होता, पण तो आबांना दिसू नये म्हणून पुतण्या मुद्दाम पलीकडच्या बाजूला उभा होता.

रस चढला, फेसाळला, मळी काढून झाली. मी आबांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. ते डोळे मिटून उभे राहिले, बराच वेळ. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"लांब पाऊस पडल्यागत वाटतंय," ते म्हणाले. "आत काय बोलतंय ते कळंना."

मी हेडफोन माझ्या कानांना लावला आणि बटणांशी खटपट करत राहिले. आबा काहिलीकडे बघत उभे होते. पाक तांबूस झाला, बुडबुडे जड झाले. माणसं उतरवायच्या तयारीत आली आणि सवयीनं आबांकडे बघू लागली. आबांचा हात खालीच होता. पुतण्यानं एकदा थर्मामीटरकडे पाहिलं, एकदा चुलत्याकडे. थांबला. आणखी जरा थांबला. शेवटी काहिलीला वळसा घालून त्यानं आबांच्या पाठीमागून माणसांना खूण केली आणि काहिल उतरली. गूळ चांगला झाला. आबांनी खडा तोंडात टाकून मान डोलावली. परतताना गाडीत म्हणाले, "पोराला जमतंय. माझी काय गरज न्हाय." ते अगदी खुशीत म्हणाले.

यंदा आषाढात आबा गेले. दिवसकार्य झाल्यावर पुतण्याचा फोन आला.

"बाई, तुमच्याकडं आबांचा आवाज असंल न्हवं? आमच्यात कुणीच कदी भरून घेतला न्हाय."

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी तोवर एकदाही ऐकलं नव्हतं. चाळीस मिनिटांची उकळी. ऐकायला बसले. रस ओरडतो, बडबडतो, मग हळूहळू त्याचा सूर बदलत जातो. त्या बदलात कुठंतरी ती जागा असणार. मी ध्वनीचे आलेख काढून पाहिले, मला ती सापडली नाही. खूण करणारा हात मी वर्षभर थांबवून ठेवला होता.

आबांचा आवाज मात्र आहे. तुम्हाला त्या दुपारचं सांगताना मी तेवढं गाळलं. काहिल उतरण्याच्या थोडं आधी, डाव्या बाजूनं, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये पण कुणीतरी सांगावं अशा बेतानं ते विचारतात, "झालं का रं?"

कुणी बोलत नाही. चुलीच्या धगधगाटात कुणाला ऐकूच गेलं नसावं. ते पुन्हा विचारतात, "झालं का?"

मला ऐकू आलं होतं. माझ्या कानाला हेडफोन होता आणि एवढ्या माणसांत तो प्रश्न फक्त मला स्पष्ट ऐकू आला होता. पुतण्याच्या चेहऱ्यावरून मला दिसतही होतं की झालंय. हात नुसता त्यांच्या खांद्यावर ठेवला असता तरी त्यांना कळलं असतं. पण मी हलले असते तर रेकॉर्डिंग खराब झालं असतं, म्हणून मी श्वाससुद्धा रोखून उभी राहिले.